कौसल्येचं बी

माझी बायको मथुराबाई दारव्ह्याच्या बाजारात कारली विकायची. तिची कारली सगळ्यांच्या आधी यायची, एवढीच तिची ओळख. आता ती नाही. तिच्याबद्दल लिहावं असं वाटलं, नीट जमेल की नाही ठाऊक नाही.

ती पौषातल्या थंडीतच बी धरायची. कारल्याच्या बियांचं कवच टणक. प्रत्येक बी टोकाशी दातानं जरा फोडायची, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायची, मग ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून तीन दिवस देवाच्या कोनाड्यात. मोड आले की वाफ्यात.

छप्पन्न साली भादव्यात आमची एकुलती एक मुलगी कौसल्या तापानं गेली. पुढं दसऱ्यानंतर आम्ही बौद्ध झालो, देव नदीत सोडले. त्या वर्षीचं बी कौसल्येनंच राखेत घोळून डब्यात ठेवलं होतं. मूठभर. दुसरं घरात नव्हतं. मथुरा रडली नाही. भाकरी थापायची, झाडायची, झोपायची. मीही तसाच.

पौष आला. तिनं अर्धं बी भिजवलं आणि पुरचुंडी घेऊन कोनाड्याकडे निघाली.

"तिथं नको," मी म्हणालो. "ते आता सोडलं आपण."

तिनं पुरचुंडी माझ्या हातात दिली. मी ती रांजणामागं ठेवली.

चौथ्या दिवशी उघडली तर बी बुळबुळीत झालेलं, वास मारत होतं. शेजारची रुपीबाई डोकावली. "काय वं मथुरे, बी धरून राह्यली का लोणचं घालून राह्यली?"

मथुरेनं फडकं उकिरड्यावर झटकलं.

दोन दिवसांनी तिनं उरलेलं भिजवलं आणि सरळ कोनाड्यात नेऊन ठेवलं.

"लोक काय म्हणतील?" मी म्हणालो.

"म्हणू द्या. देवासाठी नवती ठेवत मी. भितीच्या मांगं चूल हाय. हात लावून पाहा."

कौसल्या गेल्यापासून ती एवढं बोलली नव्हती. मी हात लावला. भिंत कोमट होती. इतकी वर्षं त्या भिंतीपुढं हात जोडले, तिला हात कधी लावला नव्हता.

सोळा बियांना मोड आले. आनंद झाला का, आठवत नाही. तिला झाला असेल तर दिसला नाही. चैत्रात कारली बाजारात गेली. एका वेलाची कारली तिनं तोडू दिली नाहीत. ती पिवळी होऊन उकलली. ते बी तिनं राखेत घोळलं, त्याच डब्यात भरलं.

पुढं दर पौषात पुरचुंडी कोनाड्यात असायची. ते तीन दिवस चूल विझणार नाही, एवढं मी पाहायचो.