लाल-पिवळं शीड

आमच्या कारखान्याच्या गेटबाहेर पडलं, की रंगनाथनाना आधी बोट तोंडात घालून ओलं करायचे आणि उंच धरायचे. सातपूरचे कारखाने सुटायची वेळ, बसचा धूर, मोटारसायकलींची झुंबड आणि मधोमध नाना वारा बघत उभे! "पश्चिमेचा हाय रे," ते मला ओरडून सांगायचे, "चल, आज बेटावर लय मजा!"

बेट म्हणजे त्यांच्या वडिलांचं शेत. धरण झालं तेव्हा बाकी जमीन पाण्याखाली गेली, टेकाड तेवढं उरलं. पावसाळ्यानंतर त्याच्या चारही बाजूंना पाणी. तिथं नानांनी झोपडी बांधली, शेवंती लावली आणि जायला-यायला चक्क शिडाची होडी केली! डोलकाठी भंगारातल्या पाइपची, शीड मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाचं. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा ते फटकन फुगलं, होडी कलली आणि मला कुलदैवत आठवलं. नाना खदाखदा हसत होते. "पेट्रोल नाय, सिग्नल नाय, हॉर्न नाय. राजाला तरी हाय का असं सुख?"

सुखात खोट एकच होती. निवृत्तीनंतर बायकोसह बेटावर राहायचं हे नानांचं स्वप्न, आणि सिंधूकाकू पाण्याला भयंकर घाबरायच्या. "मला नळाचं पाणी बरं," त्या म्हणायच्या. "बेटावर तुम्ही राहा आन् तुमची बदकं." एकट्यानं राहण्यात नानांना गोडी नव्हती.

निवृत्तीच्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नाना म्हणाले, "घटाला बाजारची माती कशाला? आपल्या शेतातली आण की." सासऱ्यांच्या शेताचं नाव काढल्यावर काकू विरघळल्या. मलाही सोबत घेतलं. माझा दंड घट्ट धरून, डोळे मिटून काकू कशाबशा पोचल्या. माती भरून झाली आणि वारा पडला. वल्ही शोधली, तर सापडेनात! नाना शांत. "वारा येतो. आपण फक्त बसायचं."

वारा आला नाही. सकाळी घट तर बसवायलाच हवा, म्हणून तो झोपडीतच बसला. मडकं, धान्य, तेल, वात, सगळं तिथं आधीपासून हजर होतं हे काकूंच्या कसं लक्षात आलं नाही, देव जाणे. आणि एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, दिवा एकटा सोडत नाहीत. काकू अडकल्या! थोड्या वेळात झकास वारा सुटला. मला काठावर सोडताना नानांनी शेवंतीच्या टोपल्या उचलल्या. खाली वल्ही!

दसऱ्याला मी काठावर गेलो, तर लाल-पिवळं शीड वेगानं येतंय आणि सुकाणूवर काकू! "अहो, सरका तिकडं," त्या नानांवर ओरडत होत्या, "वारा अडवताय!" त्यानंतर त्या दोघांनी बेट सोडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. काकू आता मुलाकडे शहरात येतील असं सगळे धरून चालले होते. घटस्थापनेला त्याच मला होडीतून घेऊन गेल्या. मला राहवेना. म्हटलं, "काकू, आज सांगतोच. त्या दिवशी नानांनी वल्ही लपवली होती."

"टोपल्यांखाली," काकू म्हणाल्या. "माती भरतानाच दिसली होती मला."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला? डोळे उघडले तर पाणी एवढं छान दिसत होतं," असं म्हणून काकूंनी बोट ओलं केलं आणि वर धरलं.