एका बाटलीच्या बदल्यात चेहरा

याय म्हणजे आमच्याकडे आजी. याय बुनलुआचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक बांबूचं कुंपण आहे आणि त्या कुंपणाला चिकटून तिचे मासळी आंबवायचे चार रांजण आहेत. वीस वर्षं मी तिला सांगते आहे, याय, रांजण पलीकडे हलवा. वीस वर्षं ती मला सांगते आहे, वास येतो तर नाक पलीकडे हलव. तेव्हा हे जे लिहिते आहे ते तिच्या प्रेमाखातर लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण शेजारणीला मी काहीही म्हणेन. बाहेरच्यांनी तिला घोडा म्हटलेलं मला खपत नाही.

पोलिसांपासून टीव्हीवरच्या बातमीवाल्या मुलीपर्यंत सगळे तोच शब्द वापरतात. चोरीचा पैसा ज्याच्या खात्यावरून पुढे धावतो, तो घोडा. आमच्या तालुक्यात म्हणे असे घोडे दोनशे निघाले. अहो, घोड्याला निदान चारा मिळतो, आणि पाठीवर कोण बसलंय हेही त्याला कळतं. यायला मिळाली पाच किलो तांदळाची पिशवी आणि फिश सॉसची एक बाटली. वर तीन वर्षांपर्यंत तुरुंगाची भीती.

बाई बहात्तर वर्षांची. नवरा बँकॉकला इमारतीच्या परांचीवरून पडून गेला, त्याला सव्वीस वर्षं झाली. मुलगी तैवानला कारखान्यात. तिनंच पाठवलेला फोन यायकडे आहे आणि त्याचा उपयोग एकच, रविवारी मुलीशी बोलणं. मुलगी चेहरा दिसावा म्हणून व्हिडिओ लावते आणि याय फोन कानाला लावून बसते. सहा वर्षं त्या पोरीला आईचा कान दिसतो आहे. आणि पोलिसांच्या कागदांत काय लिहिलंय, तर ह्याच बाईनं मे महिन्यात एका सकाळी चौदा लाख बाट घेऊन त्यांचं क्रिप्टो विकत घेतलं आणि अकरा मिनिटांत ते देशाबाहेर पाठवून दिलं. त्या सकाळी ती काय करत होती ते मला विचारा, मी कुंपणापाशीच होते. भिजवलेला चिकट तांदूळ धूत होती आणि माझ्या कोंबडीला शिव्या देत होती.

आता गावात तिची खरी ओळख काय, ते सांगते. कोणी परमुलखी कामाला निघालं, कोणी आजारातून उठलं, कोणी बऱ्याच वर्षांनी परत आलं, की मनगटाला दोरा बांधायला यायच लागते. माणसाच्या अंगातले बत्तीस जीव इकडेतिकडे भटकतात. त्यांना हाका मारून परत बोलवायचं आणि दोऱ्यानं बांधून ठेवायचं. बाकीच्या बाया बाजारातलं सूत आणतात. याय परसातला कापूस स्वतः वेचते, स्वतः कातते. कोरियाला गेलेल्या पोरांच्या मनगटांवर तिचे दोरे आहेत. आणि तिचा एक नियम आहे, तिच्या आईकडून आलेला: ज्याला आपण बांधलं त्याचं वाईट आपल्या तोंडून निघता कामा नये. दोरा गळून पडेपर्यंत तो आपला.

एप्रिलमध्ये, नव्या वर्षाच्या सुट्टीत, गोल्फ परत आला. ह्या गावात कोणी गोल्फची काठी पाहिलेली नाही, पण त्याच्या आईनं पोराचं नाव तेच ठेवलं. आता तो तिशी ओलांडलेला बाप्या आहे. गावप्रमुख थोंगदाम त्याचा सख्खा मामा. गोल्फ तीन वर्षं सीमेपलीकडे, कंबोडियात, कॉम्प्युटरवर काहीतरी काम करत होता. काय काम, ते कोणी विचारलं नाही, कारण नवीकोरी पिकअप गाडी दारात उभी असली की लोकांना प्रश्न सुचत नाहीत. मलाही सुचले नाहीत. परत आल्याबद्दल दोरा बांधायचा सोहळा झाला आणि यायनं त्याच्या उजव्या मनगटाला पहिला दोरा बांधला, तिच्यामागून आम्ही सगळ्यांनी.

आठच दिवसांत सकाळी भोंगा वाजला. आमच्या गावात सकाळी साडेसहाला गावप्रमुखाचा भोंगा बोलतो. कुणाचं मयत आहे, पाणी केव्हा बंद, लस टोचायला कुठे यायचं, सगळं त्यावरून. तीस वर्षांत त्या भोंग्यातून कर्कश आवाज खूप आला, पण खोटं कधी आलं नव्हतं. त्या दिवशी थोंगदाम म्हणाला, साठीच्या वरच्या आणि गरजू लोकांनी ओळखपत्र घेऊन मंडपात यावं, मदतीची नोंदणी आहे, तांदूळ मिळेल. मदत कुणाची, ते भोंग्यानं सांगितलं नाही. कुणी विचारायलाही गेलं नाही, कारण भोंग्याला प्रश्न विचारायची आमच्यात रीतच नाही.

मंडपात गोल्फ आणि त्याचे दोन मित्र टेबलावर फोनची रांग मांडून बसले होते. ओळखपत्राचा फोटो घेत, मग फोन तोंडासमोर धरत. मी यायच्या मागेच रांगेत होते. गोल्फ तिला अगदी लाडानं सांगत होता, "सरळ बघा, याय. हलू नका. आता पापण्या मिटा. आता मान डावीकडे." याय तर देवळात फोटो काढून घ्यावा तशी बसली होती, गळ्यापर्यंत बटणं लावून. मग माझी पाळी आली. फोननं मला हलू नका म्हटलं आणि मला हसू फुटलं. पुन्हा धरला, पुन्हा हसू. पाचव्यांदा गोल्फ म्हणाला, "लामयाई मावशी, तुमचं तोंड काही जमत नाही, जा घरी." तांदूळ गेला, फिश सॉस गेला. मी महिनाभर यायला टोमणे मारले, की तुमच्या थोबाडाला बाटली मिळाली, माझ्या नाही. आज तो टोमणा आठवला की मला माझीच जीभ खुडावीशी वाटते. तेवीस जणांनी त्या दिवशी चेहरे दिले. मी शहाणी म्हणून वाचले नाही, खिदळी म्हणून वाचले.

जूनमध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. यायला म्हातारपणाचे सरकारी सातशे बाट महिन्याला मिळतात, ते काढायला ती गेली तर खातं बंद. आणि पोलीस ठाण्याचं पत्र आलं.

मी तिला माझ्या तीनचाकी गाडीत घालून तालुक्याला नेलं. पोलीसबाई तरुण होती, वाईट नव्हती. तिनं सांगितलं ते असं: दक्षिणेत सोंगख्लाला उराईवान नावाची निवृत्त नर्स आहे. तिला कोणी फोनवर पोलीस बनून घाबरवलं आणि आयुष्यभराची पुंजी पाठवायला लावली. ती पुंजी बँकेत यायच्या नावावरच्या खात्यात आली, तिथून क्रिप्टोच्या बाजारात यायच्याच नावानं, यायच्याच चेहऱ्यानं उघडलेल्या खात्यात गेली, नाणी झाली आणि नाहीशी झाली. मी म्हटलं, बाई, जिला फोन उलटा की सुलटा कळत नाही, तिच्या नावावर चौदा लाखांची उलाढाल होते आणि त्या बाजारवाल्यांच्या एकाच्याही भुवया वर गेल्या नाहीत? मी दोन हप्ते थकवले तर सावकाराचा मोटारसायकलवाला दारात येऊन बसतो. पोलीसबाई म्हणाली, चेहरा जुळला की यंत्र पुढे जाऊ देतं. म्हणजे यंत्राचा काही दोष नाही, बाजाराचा नाही, बँकेचा नाही. दोष त्या चेहऱ्याचा.

मग तिनं सरळ विचारलं, खातं कोणी उघडून दिलं त्याचं नाव सांगा. सांगितलंत तर तुम्ही साक्षीदार होऊ शकाल. नाही सांगितलंत तर आरोपी तुम्हीच.

मी तोंड उघडायला गेले तर यायनं माझ्या मांडीला असा चिमटा घेतला की आठ दिवस निळं होतं. आणि मी सांगूनही भागलं नसतं. खातं तिचं, जबाब तिचाच हवा होता.

घरी आल्यावर कुंपणापाशी आमची जुंपली. मी म्हटलं, नाव का नाही घेत त्याचं? ती म्हणाली, "मी त्याला बांधलंय."

"तुम्ही त्याला दोरा बांधलात, त्यानं तुम्हाला दोरखंड बांधला. तो पिकअपमधून फिरतोय आणि तुम्ही कोर्टात जाणार?"

"तुला नाही कळायचं, लामयाई. तुला दोन मिनिटं सरळ तोंड करून बसता येत नाही."

मी तडक गोल्फच्या आईकडे गेले, थोंगदामकडे गेले. आई म्हणाली, माझा मुलगा फक्त लोकांची मदत करत होता. थोंगदाम म्हणाला, ओळखपत्र म्हातारीचं, चेहरा म्हातारीचा, मी फक्त भोंगा वाजवला. वर मलाच म्हणाला, गावाची बदनामी करू नकोस. गावाची! बाकीचे बावीस जण आपापली बाटली फडताळात मागे ढकलून गप्प बसले होते, आपल्याला पत्र येईल या भीतीनं. मी कच्च्या पपईची कोशिंबीर विकते त्या गाडीवर संध्याकाळी गोल्फ आला, तिखट करा म्हणाला, आणि हसत हसत विचारलं, यायची तब्येत बरी आहे ना? मी इतक्या मिरच्या कुटल्या की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

जुलैत पोलीसबाईनं आणखी एक पाकीट पाठवलं. आत त्या नर्सचं पत्र होतं, यायच्या नावानं. यायला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा कुठे ठेवलाय ते तिला कधीच आठवत नाही, म्हणून रांजणांपाशी उभी राहून मी वाचलं. लांब नव्हतं. "मला तुमचा फोटो दाखवला. तुम्ही माझ्या आईसारख्या दिसता. रोज झोपण्याआधी मी तुम्हाला शाप देते आणि मग मला आईची लाज वाटते. तुम्ही असं का केलंत, एवढंच सांगा."

यायनं रांजणाच्या झाकणावर हात ठेवला. मग म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. ती म्हणाली, "ती मला रोज शाप देते, आणि तो दोरा बांधून मोकळा फिरतोय." त्या दिवशी तिनं कापूस काढला नाही, चरखा काढला नाही.

तीन दिवसांनी गोल्फच्या आईचं बोलावणं आलं. गोल्फ पुन्हा सीमेपलीकडे कामाला निघाला होता, निघण्याआधी दोरा बांधायचा. आणि बोलावणं कुणाला, तर यायला! बाईची छाती बघा. तिचं म्हणणं, एप्रिलमधला यायचा दोरा गोल्फनं अजून काढलेला नाही, धंद्याला फार लाभला.

मी यायला म्हटलं, जाऊ नका. ती ठेवणीतलं लुंगीसारखं रेशमी वस्त्र नेसली, खांद्यावर पांढरा पंचा टाकला आणि निघाली. मी मागे. असा तमाशा चुकवणारी मी नव्हे.

गोल्फच्या ओसरीवर केळीच्या पानांचा शंकू मांडला होता, उकडलेली अंडी, भाताचे मुटके, दारूची बाटली. गावात मंत्र म्हणणारा एक म्हातारा आहे, त्यानं बत्तीस जीवांना हाका मारल्या. मग गोल्फनं हात पुढे केला. मनगटावर आमचे सगळ्यांचे दोरे होते, मळून करडे झालेले. यायनं त्यांतला आपला ओळखला. आपलं सूत ती अंधारातही ओळखेल. आणि ती गाठ सोडवायला लागली.

आधी कुणाला कळलंच नाही. गोल्फला वाटलं, जुना काढून नवा बांधतायत. तो म्हणाला, राहू द्या याय, त्याच्यावरच बांधा. यायनं मान वर न करता म्हटलं, "सरळ बघ. हलू नकोस."

ओसरीवर जे तेवीसांपैकी होते त्यांनी ते वाक्य ओळखलं. कोणीतरी खोकलं. तीन महिन्यांची गाठ, घामानं आवळलेली, आणि यायची बोटं सुजलेली. थोंगदाम पुढे सरकून म्हणाला, हे आपण घरात बसून बोलू. तिनं ऐकलंच नाही असं केलं. गोल्फच्या आईनं कात्री आणली. याय म्हणाली, "कापायचं नाही. मी बांधली, मीच सोडवणार." सगळ्या गावासमोर म्हातारीच्या हातातून मनगट हिसकावून घ्यायची गोल्फला हिंमत झाली नाही. शेवटी सुटली. तिनं दोरा बोटाला गुंडाळला, पंच्याच्या टोकात बांधला आणि त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाली,

"झालं. आता मला तुझं नाव घेता येईल."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, गाडी काढ. आणि वाटेत माझ्या घरी थांब, एक वस्तू घ्यायचीय.

ती वस्तू म्हणजे फिश सॉसची बाटली. उघडलेलीच नव्हती, घरी चार रांजण असताना दुकानातलं पाणचट कोण खाणार? पोलीसबाईच्या टेबलावर तिनं ती ठेवली आणि सांगितलं, मला एवढं मिळालं, तांदूळ खाऊन संपला. मग गोल्फचं नाव सांगितलं, त्याच्या आजोबाच्या नावासकट, घर कुठलं, गाडीचा रंग कुठला. भोंग्याचंही सांगितलं. जबाब लिहून झाल्यावर अंगठा पुढे केला नाही. म्हणाली, वाचून दाखव. पोलीसबाईनं वाचला. म्हणाली, पुन्हा. तिसऱ्यांदा वाचल्यावर अंगठा उठवला.

गोल्फ अर्थातच सापडला नाही. आम्ही ठाण्यात असतानाच पिकअप गेली. त्याच्या नावाचं वॉरंट निघालंय. वॉरंटानं सीमा ओलांडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. थोंगदामला दोनदा चौकशीला बोलावलं, पण सकाळी साडेसहाला भोंगा त्याचाच वाजतो. यायनंतर चार जण आपापली बाटली घेऊन ठाण्यात गेले, अठरा जण अजून फडताळाकडे पाठ करून झोपतात. सातशे बाट अडकलेलेच आहेत. क्रिप्टोच्या त्या बाजारानं तर कुणाला साधं पत्रही पाठवलं नाही. नर्सला मात्र यायनं माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं, पाच ओळींचं, आणि "मला फसवलं" हे वाक्य खोडायला लावलं. म्हणाली, फसणं म्हणजे काय ते तिला माहीत आहे. मदत कुणाची, चेहरा कशाला, हे मी विचारलं नाही, ते लिही.

पण मला त्या दिवसातलं शेवटचं सांगायचं होतं. अंगठा झाल्यावर पोलीसबाईनं सवयीनं टेबलावरचा कॅमेरा फिरवला आणि म्हणाली, याय, नोंदीसाठी फोटो हवा, जरा सरळ बघा.

यायनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून म्हणाली, "आधी सांग, हा कुठे जाणार?"

पोलीसबाईनं पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. कुठे ठेवणार, कोण बघणार, केव्हा काढून टाकणार. यायनं मध्ये दोन प्रश्न विचारले, त्यांतल्या एकाचं उत्तर बाईला साहेबांना विचारून आणावं लागलं. आम्ही थांबलो. साहेबांचं उत्तर आल्यावर यायनं हात खाली घेतले, पंचा खांद्यावर नीट केला आणि सरळ बघितलं.