उन्हातला मफलर

नॉर्वेच्या उत्तर टोकाला माझी लेक हवामानाचा अंदाज वर्तवते. तिच्याकडे गेले होते तेव्हा एका सकाळी ऑफिसात तिने मला उपग्रहाचं चित्र दाखवलं. समुद्रावर ढगांच्या बारीक, समांतर रेघा होत्या.

"या शेवया कुणी वाळत घातल्या गं?"

ती हसली. "बर्फावरची गार हवा उबदार पाण्यावर उतरली की ढग अशा रांगा धरतात. आणि ही बघ, इथे शेवई गोल वळतेय. इथून वादळ उठणार." तिने लगेच किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्यांना इशारा पाठवला.

बाहेर मात्र लख्ख ऊन होतं. खिडकीखालच्या बंदरात एक म्हातारा कोळी होडीत उभा राहून बराच वेळ निरभ्र आकाश न्याहाळत होता. मग वाकून त्याने धक्क्याला बांधलेला दोर आणखी घट्ट आवळला. ज्याचं पोट समुद्रावर, त्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या मुलीचा शब्द खरा मानला होता. हिच्या लहानपणी कान बांध म्हणून मी मागे धावायचे, आणि आता हिच्या शब्दावर सगळं बंदर थांबलं होतं.

मी ऑफिसातून घरी निघाले तशी ती म्हणाली, "आई, मफलर घे."

ऊन तसंच होतं. मी मुकाट्याने कान बांधले.