त्या साहेबांविषयी मी जे बोलले

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तरीही लिहायला बसण्याआधी दार नीट लोटलंय का, ते उठून पाहून आले.

कायद्याचं शेवटचं वर्ष होतं. आम्ही दापोडीचे, मूळचे लातूरकडचे. वडील भोसरीत प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या मशीनवर. घरात कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, आणि मी निघाले होते हायकोर्टात, न्यायमूर्तींची लॉ क्लर्क व्हायला! वर्षभर त्यांच्या हाताखाली खटले वाचायचे, टिपणं काढायची. पण अर्ज करायचा कुणाकडे? मला ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते सुवर्णाला.

सुवर्णा माझी जिवलग मैत्रीण, चाकणजवळच्या गावातली. कॉलेजला येताना बसमध्ये ती मोबाइलवर निकालपत्रं वाचायची. कोणते न्यायमूर्ती कसं लिहितात, कामगाराचं म्हणणं कोण शेवटपर्यंत ऐकून घेतं — किती दिवस तिचा हाच उद्योग! शेवटी तिने एक नाव काढलं. आपण दोघी इथंच अर्ज करू, म्हणाली. सगळा अभ्यास तिचा, मला तो आयता मिळाला.

मग कॉलेजातल्या सरांकडून कळलं, की ते साहेब यंदा एकालाच घेणार. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मला कुणी सांगायला नको होतं. ती असताना मला कोण विचारणार? आणि नाही मिळालं तर? घरी लग्नाची बोलणी सुरूच होती. भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणाल तुम्ही. वाटते. पण म्हणून सगळे —

सांगते.

एका रविवारी तिच्या घरी गेले. सुवर्णा आत चहा टाकत होती. तिची आई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. काकूंनी सहज विचारलं, ते मुंबईचे साहेब कसे आहेत गं? मी आवाज खाली आणला. म्हटलं, "काकू, माणूस बरा नाही म्हणतात. मुलींच्या बाबतीत."

मुद्दाम काकूंना सांगितलं. सुवर्णाने विचारलं असतं, कोण म्हणतं? काकू विचारणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि कुणीही काही म्हटलेलं नव्हतं. ते वाक्य मी तिथं बसल्या बसल्या रचलं.

"न्हाई गं बाई, आमाला न्हाई धाडायची पोर तिकडं," काकू म्हणाल्या. माझ्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. चहा आला, तो मी प्यायलेही.

काकूंनी सुवर्णाला अर्ज करूच दिला नाही. जागा मला मिळाली. साहेब कसे होते, सांगू? दार सताड उघडं ठेवून काम करणारे. अंधार पडायच्या आत "घरी जा, गाडी चुकेल" म्हणणारे. त्यांच्यासमोर मी वर्षभर मान खाली घालून बसले. त्यांना वाटायचं, पोरगी लाजाळू आहे. सुवर्णाला मी सांगितलं होतं, मला दुसऱ्याच न्यायमूर्तींकडे घेतलंय. तिचा फोन आला की आजही पहिल्यांदा हेच मनात येतं — कळलं का हिला?

नाही कळलेलं. तिचं सासर आता पुनावळ्याला. तिथंच एका गाळ्यात बसून ती भाडेकरार करून देते. मागच्या महिन्यात तिने मला बोलावलं — तिच्या माहेरची एक मुलगी कायदा शिकतेय, अर्ज कुठे करावा ते विचारायला आलीय, तू हायकोर्टात होतीस, तू सांग.

मुलीने एकच नाव घेतलं. त्याच साहेबांचं. त्यांचे निकाल तिनेही वाचले होते.

"तिकडं नको जाऊ," सुवर्णा लगेच म्हणाली. "मलापण जायचं होतं. ही होती म्हणून वाचले मी."

आणि तिने माझा हात हातात घेतला. मुलगी माझ्याकडे वळली. तिने हळूच विचारलं, "खरंच का, ताई?"

मी हो म्हणाले.