लुडविकची मिठाची बाई

अपोलोनियावहिनींचा कुणावरच विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, पाद्रीबाबांवर नाही, हवामानाच्या बातम्यांवर तर नाहीच नाही. बाजारात कोबी घेतला तरी दोन पानं सोलून आत बघतील. म्हणून त्या मिठाच्या खाणीच्या तोंडाशी, रीतसर तिकीट काढून, पर्यटकांच्या रांगेत उभ्या दिसल्या तेव्हा मी ओळखलं, काहीतरी तपासायला आल्यात. मी इथला गाईड. गाईड होण्याआधी त्यांच्या नवऱ्याच्या, लुडविकच्या, हाताखाली मीठ फोडायचो.

गावातल्या सगळ्या बायका खाणकामगारांना सांभाळणाऱ्या बार्बरामातेच्या सणाला खाली खाणीत प्रार्थनेला येतात. वहिनी एकदाही आल्या नाहीत. कारण काम सुटल्यावर लुडविक खाली मिठात एक बाई कोरत बसायचा. कोरायची हौस आमच्यात पुष्कळांना होती. कुणी संत कोरी, कुणी गोष्टीतले बुटके. पण लुडविकची बाई म्हणजे खानावळीतली वांदा, अशी कुणीतरी पुडी सोडली. वांदा त्याला सूप जरा हात सैल सोडून वाढायची, एवढाच काय तो पुरावा. वहिनींना तेवढा पुरला. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही, त्यानं आपणहून सांगितलं नाही, आणि दोघांचा संसार मुक्यानंच चालला.

गेल्या हिवाळ्यात लुडविक वारला. आमच्याकडे नवऱ्याच्या थडग्यावर बायकोचंही नाव आधीच कोरून ठेवतात, फक्त मरणाची तारीख तेवढी मोकळी; फोटो मेल्यावर बसवतात. वहिनींनी पाथरवटाला मध्येच थांबवलं. "ती बाई कोण ते आधी माझ्या डोळ्यांनी बघीन. वांदा निघाली, तर मला माझ्या आईशेजारी पुरा," असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. तेव्हापासून थडग्याचा अर्धा दगड कोराच होता.

"देव भलं करो, वहिनी," मी खाणीतला नमस्कार घातला.

"बघू करतो का ते."

"पिशवी जड दिसतेय. द्या इकडे."

"हात लावू नकोस."

लिफ्ट खाली निघाली तशी माझी नजर त्या पिशवीवरून हटेना. वहिनींची माझ्यावरून हटेना.

खाली आल्यावर मी नेहमीसारखं सांगितलं, "भिंत चाटून बघा, खरं मीठ आहे." सगळे हसत हसत चाटायला लागले.

"तुम्हीच सकाळी येऊन चोळून ठेवत असाल," वहिनी म्हणाल्या. मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून त्यांनीही जीभ लावली. "खारट आहे," त्या म्हणाल्या, जणू मला चोरी करताना पकडलं होतं.

लुडविकची बाई प्रार्थनागृहाच्या वाटेवर एका कोनाड्यात उभी आहे. तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा. "ओलाव्यानं चेहरा खाल्ला," मी सवयीनं बोलून गेलो. पर्यटकांना असलं आवडतं.

वहिनी दोरी ओलांडून पुढे झाल्या. "खोटं! ओलावा काय चेहराच तेवढा खातो? ही बोटं बघ, शाबूत आहेत. कुणी घासलाय हा? वांदानं? का मी येणार म्हणून तूच?"

"कुणी नाही हो. लुडविकनं चेहरा कधी कोरलाच नाही. आम्ही चिडवायचो, अरे, तोंड कधी देणार बाईला? तर म्हणायचा, मला जे दिसतं तेच कोरतो."

"म्हणजे काय?"

मी दिवा घेऊन त्यांना मूर्तीच्या मागे नेलं. पाठ मात्र त्यानं जीव ओतून कोरली होती. एक खांदा जरा वर, एक मोजा घोट्यावर उतरलेला, आणि डोक्याच्या रुमालाची गाठ मानेवर नाही, डाव्या कानामागे, दोनदा पिळलेली. तशी गाठ आमच्या गावात एकच बाई मारते. वहिनींचा हात आपल्या कानामागे गेला.

त्यांनी त्या मिठाच्या गाठीवरून बोट फिरवलं.

"तो पहाटे कामाला निघायचा," मग त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा मी चुलीकडे तोंड करून उभी असायचे. तो 'येतो गं' म्हणायचा. मी वळायचे नाही."

मला वाईट वाटलं, दोघांचंही.

त्यांनी पिशवी उघडून एक हातोडी माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. वांदाचं नाक फोडायला आणली होती."

लिफ्ट वर येत असताना त्यांनी माझी बाही धरली. "झेनॉन, तो खरंच तसं म्हणाला होता? का मला बरं वाटावं म्हणून रचलंस?"

"शपथ, वहिनी."

त्यांनी माझं तोंड नीट न्याहाळलं, कोबी बघतात तसं. "पाथरवटाला निरोप दे. नाव घाल म्हणावं. आणि दगडावर माझा फोटोही लाव म्हणावं, माझ्या मरणाची वाट बघत बसू नकोस."

"कोणता फोटो?"

"समोरून काढलेला," वहिनी म्हणाल्या. "त्याच्याकडे बघणारा."