शेषम्माचे हात आणि भाताचं खातं

तंजावूरच्या राजवाड्यामागल्या गल्लीत बाळ जन्मलं की पहिलं बोलावणं शेषम्माला. तिनं कान चोळून न्हाऊ घातलेली पोरं आता स्वतः बाप झाली आहेत, तरी तिला पाहून अजून कान झाकतात. असा तिच्या हातांचा दरारा.

त्याच हातांना गेल्या वर्षी खाज सुटली. बोटं लाल झाली, मग चिरली. शेजारची कामाक्षी लांबूनच म्हणाली, "अक्का, हा नायटा. लागतो हो दुसऱ्याला!" आणि कडुनिंब, हळद नि लिंबू वाटून लावायला सांगितलं. शेषम्मानं लावलं. खाज होती तिथंच राहिली, वर आग झाली, आणि हात पिवळेजर्द.

लेक अखिला बाळंतपणाला आली होती. आठवा महिना. ते हात बघून ती हळूच म्हणाली, "अम्मा, बाळाला तू न्हाऊ घालू नको गं. कामाक्षीमामी घालतील."

शेषम्मा सांबाराकडे वळली. त्या दिवशी त्यात मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी नवरा गुरुमूर्ती तिला चामडीच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेला. दिव्यश्री नाव, लेकीहून लहान पोर, म्हणून शेषम्माला 'पाटी', म्हणजे आजी, म्हणे. हात उलटेपालटे करून म्हणाली, "पाटी, हा इसब. नायटा नव्हे, कोणाला लागत नाही. हात दिवसातून किती वेळा धुता?"

शेषम्मा अभिमानानं सांगू लागली. "आमचं सोवळं कडक. भाताला हात लागला की धुवायचा, तरच दह्याला लावायचा. दह्यानंतर धुवायचा, तरच लोणच्याला. मधे फोन घेतला तर पुन्हा."

"कॉफीच्या आधीच वीसदा होतं," गुरुमूर्ती म्हणाला.

"तुम्हास कोणी विचारलं?"

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "पाटी, चामडीचं तेल तुम्हीच धुऊन टाकता. हे समूळ जाईलच असं नाही, पण ताब्यात राहील. पाणी कोमट घ्या, साबण सौम्य घ्या. भांडी घासताना आत सुती मोजे, वर रबरी. लाल आहे तिथं हे मलम, मी सांगते तितकेच दिवस. आणि हात धुतले की दर वेळी, दर वेळी, हे क्रीम."

"यात चरबी कोणाची?"

"कोणाची नाही. जमिनीतून निघणाऱ्या तेलाचं आहे."

"जमिनीतून निघतं, म्हणजे हळदीसारखंच. चालेल सोवळ्यात!" शेषम्मानं निकाल दिला. घरी येऊन डब्याला कुंकवाचं बोट लावलं आणि देवघराच्या फळीवर ठेवला.

हात धुणं कमी करायचं तर भाताला हात लावायचा नाही. मग लावायचा कोणी? बेचाळीस वर्षांत पळी न धरलेल्या गुरुमूर्तीकडे भाताचं खातं आलं. पहिल्या दिवशी त्यानं भात पानाऐवजी, लेकीला भेटायला आलेल्या जावयाच्या मांडीवर वाढला.

"तुमच्या हातास काय झालं?" शेषम्मानं विचारलं.

हळूहळू चिरा मिटल्या. खाज मधूनच डोकं वर काढी. मग ती नखं कापलेली बोटं पदरात गुंडाळून बसे आणि कामाक्षीला शिव्या देई.

बाळ आलं. अकराव्या दिवशी, बाळाच्या पहिल्या न्हाणाला, कामाक्षी पदर खोचून, मूगपीठ आणि हळद घेऊन हजर. शेषम्मा लेकीपुढे जाऊन उभी राहिली, शाळेत मास्तरापुढे राहावं तशी, हात पुढे करून. अंगठ्यापाशी थोडं लाल होतं. ते लपवलं नाही तिनं.

अखिलानं तळव्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. "अम्मा, माझ्या हातापेक्षा मऊ झाले गं," म्हणाली, आणि बाळ तिच्या हातात दिलं.

कामाक्षीनं पीठ पुढे केलं. "घासा हो, लव जाईल."

"काही घासायचं नाही. अकरा दिवसांची चामडी आहे त्याची!" शेषम्मानं पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. कोमट. दोन्ही पायांवर बाळ घेतलं. बाळानं एकदा आजीकडे पाहिलं आणि तिच्या दोन्ही हातांवर धार सोडली.

सगळे हसले. शेषम्मानं हात धुतले.

स्वयंपाकघरातून, एका हातात भाताची पळी आणि दुसऱ्यात क्रीमचा डबा घेऊन, गुरुमूर्ती ओरडत आला, "धुतलेस? मग लाव!"