फक्त तारीख बदलायची होती

ज्या शनिवारी आमचा कॉम्प्युटर बंद पडला, त्या शनिवारी दुपारपर्यंत तो उत्तम चालला होता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर नातेवाइकांत या प्रकरणाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या पसरल्या. नव्वदीतली गोष्ट. आम्ही नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मी, माझी बायको वैशाली आणि आई. वैशाली घरी मराठी टायपिंगची कामं घ्यायची. सोसायट्यांच्या नोटिसा, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि मोसमात लग्नपत्रिका. त्यासाठी ठाण्याच्या एका बंद झालेल्या ऑफिसातून आम्ही हा कॉम्प्युटर आणला होता. रंगाने तो मूळचा पांढरा असावा. आईने जुन्या पडद्याचं कापड काढून त्याला झालरीचा अभ्रा शिवला होता, त्यामुळे झाकला की तो एखाद्या देवघरासारखा दिसायचा.

त्याचा दोष एकच. तो दोन वर्षं मागे होता. आज टाइप केलेल्या कागदाची नोंद तो दोन वर्षांपूर्वीच्या तारखेला करायचा. वैशालीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. "भिंतीवर कॅलेंडर आहे की," ती म्हणायची. पण आपल्या घरातली एक वस्तू रोज धडधडीत खोटं बोलते आणि आपण ते ऐकून घेतो, हे मला पटत नव्हतं.

शिवाय उपाय मला माहीत होता. बेलापूरला आमच्या ऑफिसात एक इंजिनियर यायचा. मशीन चालू होताना त्याने डिलीटचं बटण दाबलं की एक निळा पडदा यायचा. यंत्राच्या पोटातली सगळी सेटिंग्ज त्या पडद्यावर. मी त्याच्या खांद्यामागे उभं राहून ते सगळं शिकून घेतलं होतं. (सगळं म्हणजे, डिलीट दाबायचं.)

"पाच मिनिटं ऊठ," मी वैशालीला म्हणालो.

"अहो, पाटीलकाका येतायत पत्रिका न्यायला. आत्ताच संपवलीय. मला फ्लॉपीवर कॉपी करू दे."

"नंतर कर. तारखेशी त्या पत्रिकेचा काय संबंध?"

ती उठली. बसल्या जागेवरून माणसाला उठवण्याची कला माझ्यात आहे.

निळा पडदा आला. तारीख मी मिनिटभरात बदलली. तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण खाली आणखी बऱ्याच ओळी होत्या, आणि त्यातली एक सांगत होती की सगळी सेटिंग्ज कारखान्यातून आली तशी करता येतील. ठाण्याच्या ऑफिसात कोण जाणे किती जणांनी या यंत्रात बोटं घातली असतील. ते सगळं पुसून ते पुन्हा कोरं करकरीत होणार, याला नाही कोण म्हणेल? मी हो म्हटलं.

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला, एकदा गुरगुरला, आणि काळ्या पडद्यावर त्याने एक वाक्य लिहिलं. वैशालीने ते मोठ्याने वाचलं आणि मराठीत सांगितलं, "याला हार्ड डिस्कच नाही, असं म्हणतोय."

हार्ड डिस्क म्हणजे जिच्यात सगळं साठवलेलं असतं ती. कारखान्यात तिचं माप कुणी भरलेलं नव्हतं, ते नंतर कुणीतरी हाताने भरलं होतं. मी त्याला लहानपणाची आठवण करून दिल्याबरोबर तो संसार विसरला.

"पत्रिका?" वैशालीने विचारलं.

"आत आहे. फक्त त्याला ते माहीत नाही."

तेवढ्यात बेल वाजली. सुकापूरचे पाटीलकाका दारात उभे. मुलाचं लग्न, आणि छापखानेवाला त्यांच्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबणार होता. ही पत्रिका साधी नव्हती. तिच्यात निमंत्रक म्हणून अख्खी भावकी होती. नावांच्या क्रमावरून दोन चुलत्यांत तीनदा बिनसलं होतं आणि तीनदा वैशालीने यादी बदलली होती. आता कुठे सगळे राजी झाले होते.

"वैनी, झाली का?"

"झालीये काका. फक्त..." तिने माझ्याकडे पाहिलं.

"जरा सेटिंग चाललंय," मी म्हणालो.

"करा साहेब. आमी बसतो. घाई नाय," म्हणत ते सोफ्यावर टेकले. नायलॉनच्या पिशवीतून त्यांनी घरच्या पावट्याच्या शेंगा काढून आईच्या हातात दिल्या. माझ्यावरचं दडपण शेंगांनी वाढलं.

पण मी हातात घेतलेलं काम सोडत नाही. डिस्कचं माप तिच्याच अंगावरच्या लेबलावर असतं, हे मी ऐकून होतो. ते वाचायचं आणि निळ्या पडद्यावर भरायचं, की झालं. मी पाठीमागचे स्क्रू काढले. आत ठाण्याची धूळ जशीच्या तशी होती. डिस्क सापडली, पण लेबल खालच्या बाजूला. डिस्क सोडवावी तर तिच्या एका स्क्रूची खाच आधीच कुणीतरी झिजवलेली, आणि बाकीची मी झिजवली.

"आरसा आण," मी म्हणालो.

वैशालीने काही न विचारता हातात धरायचा छोटा आरसा आणून दिला. आईने बॅटरी धरली. मी जमिनीवर आडवा होऊन, आरसा आत घालून, आकडे मोठ्याने वाचू लागलो आणि वैशाली लिहून घेऊ लागली.

"साहेब काय करतात?" पाटीलकाकांनी आईला विचारलं.

"पोट तपासतोय," आई म्हणाली.

आकडे भरले. कॉम्प्युटर चालू केला. आत कुणीतरी भांडी घासतंय असा आवाज आला आणि तो पुन्हा गप्प. मी पुन्हा वाचले, पुन्हा भरले. पुन्हा भांडी. तिसऱ्या खेपेला वैशाली शांतपणे म्हणाली, "अहो, आरशात दोनाचा पाच दिसतो ना?"

दिसतो. उलट्या क्रमाने वाचायचं हे मी लक्षात ठेवलं होतं. पण दोनाचा पाच आणि पाचाचा दोन होतो, हे मात्र निसटलं होतं. त्यातून लेबलाचा एक कोपरा खरवडलेला, त्यामुळे शेवटचा आकडा तीन की आठ, हे आईच्या बॅटरीलाही ठरवता येईना.

सोफ्यावर पाटीलकाकांना आता संशय येऊ लागला होता. "वैनी, नावं गेली का काय?"

"नाही हो," वैशाली म्हणाली, पण तिने कोरा कागद घेतला. "तुम्ही सांगा, मी हाताने लिहून ठेवते."

काका आठवून सांगू लागले. दहा-बारा नावं झाली की थांबायचे. "नाय, थांबा. नामदेव आधी लिवला का? मग काडा. हरीचं नाव वर नसलं तर तो मांडवात नाय येनार." कागद खाडाखोडीने भरला. काकांच्या कपाळावर घाम आला. या भल्या माणसाला माझ्या तारखेपायी भावकीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे मला दिसत होतं आणि त्यामुळे माझा निर्धार आणखीच वाढला.

निळ्या पडद्यावर आता मी एक नवीन ओळ शोधली. हार्ड डिस्क फॉरमॅट करा. वैशालीच्या कामातून मला हा शब्द चांगला माहीत होता. मजकूर वेडावाकडा असला की ती त्याला फॉरमॅट करायची, की समास सरळ, ओळी रांगेत. मग डिस्कचंही तेच हवं होतं. मी ओळ निवडली. यंत्राने विचारलं, खात्री आहे का? मला खात्रीच होती. मी एंटर दाबायला बोट उचललं.

आणि घरातली वीज गेली. स्वयंपाकघरात आईने मिक्सर लावला होता, पाटीलकाकांच्या शेंगांच्या आमटीसाठी वाटण करायला, आणि फ्यूज उडाला.

"आई, अगं काय हे! आत्ता होत होतं," मी ओरडलो.

"खोबरं तसंच राहिलं बघ," आई म्हणाली.

मी फ्यूजला तार घालून येईपर्यंत वैशाली खुर्चीवर बसली होती. वीज येताच तिने डिलीट दाबलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही कुठल्या ओळीवर होता?"

मी दाखवली. तिने वाचली, तिच्याखालची बारीक सूचनाही वाचली.

"याने सगळं पुसलं जातं," ती म्हणाली. "पत्रिका, प्रश्नपत्रिका, सगळं. कायमचं."

मी खाली बसलो.

वैशालीने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एकेक ओळ, बोट ठेवून, घाई न करता. अर्ध्यावर ती थांबली. "ही ऑटो डिटेक्ट म्हणजे काय? डिस्क आपली आपण ओळखेल?"

"ती पाहिली होती मी," मी म्हणालो. "पण ऑटो वगैरे ज्यांना स्वतःला येत नाही त्यांच्यासाठी असतं."

तिने एंटर दाबलं. यंत्राने डिस्कची सगळी मापं स्वतःहून ओळखून पडद्यावर मांडली. शेवटचा आकडा तीनही नव्हता आणि आठही नव्हता. तिने सेव्ह केलं, कॉम्प्युटर चालू झाला, आणि पडद्यावर गणपती, त्याखाली वधूवर, त्याखाली अख्खी भावकी ठरलेल्या क्रमाने उभी राहिली. पाटीलकाका उठून पडद्याजवळ आले आणि एकेक नावावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"झालं काका," वैशाली म्हणाली. "ह्यांनी केलं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती प्रिंटरला कागद लावत होती. तिने हे का म्हटलं ते मी त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही नाही. आधी पत्रिकेची प्रत निघाली, मग तिने फ्लॉपी मागितली. मी ती दोन्ही हातांनी दिली.

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. मांडव भरलेला, नामदेव आणि हरी शेजारी शेजारी, आणि मंगलाष्टकांच्या ऐन आधी लाऊडस्पीकर कुंई करून ओरडू लागला. कुणाला काही सुचेना. पाटीलकाकांनी गर्दीतून मला हुडकून काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा, हात नका लावू. आमचे साहेब हायत. यंत्राचं समदं त्यांना कलतं."

मी उठलो. त्या यंत्राला मागे चार बटणं होती आणि चारही मला ओळखीची वाटत होती. वैशालीने माझा सदरा मागून धरला, आवाज न चढवता म्हणाली, "बसा," आणि मी बसलो.

थोड्या वेळाने स्पीकर आपोआप सुरळीत झाला आणि वरात निघेपर्यंत एकदाही बिघडला नाही. पाटीलकाका आजही त्याचं श्रेय मला देतात. मी ते घेतो, कारण त्या दिवशी तो मांडवात एकट्या माझ्यामुळेच वाचला होता. मी त्याला हात लावला नव्हता.